लेन्सपुढच्या दोन काचा

वाइड अँगल लेन्स घेतली की तिच्याबरोबर दोन फिल्टर घ्यायचेच, अशी छायाचित्रकारांमध्ये जुनी रीत आहे. मुंबईच्या बोरा बाजारात जा किंवा आपल्या गावातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात, बिल करता करता दुकानदार विचारतोच, "फिल्टर देऊ ना?" एक काच साधी, पारदर्शक, लेन्सचं तोंड जपणारी. दुसरी करडी, धुरकट, दोन कड्यांत बसवलेली, म्हणजे पोलरायझर. तिची पुढची कडी फिरवली की पाण्यावरची चकाकी ओसरते आणि निळं आकाश गडद होतं. दोन्ही काचा सारख्याच आट्यांनी लेन्सवर बसतात आणि सारख्याच डबीतून येतात. त्यांचे इतिहास मात्र अगदी वेगळे आहेत. पोलरायझरच्या मागे साडेतीनशे वर्षांचं प्रकाशशास्त्र उभं आहे. संरक्षक काच ज्या कामासाठी जन्माला आली, ते काम आता जवळजवळ उरलेलं नाही. वाइड लेन्सवर कुठली काच केव्हा लावावी, या प्रश्नाचं उत्तर या इतिहासातच दडलेलं आहे.

सुरुवात आइसलँडपासून करावी लागते. या बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगत बेसॉल्ट खडकाच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे अत्यंत स्वच्छ, पारदर्शक स्फटिक सापडत. आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच, आणि त्याच्याही पोकळ्यांत कॅल्साइट मिळतं. जळगाव-नाशिक भागातल्या खाणींतले नमुने खनिजांच्या संग्राहकांना चांगलेच परिचित आहेत. आइसलँडचा असाच एक स्फटिक कोपनहेगनच्या रास्मुस बार्थोलिन यांच्या हाती आला. त्यातून पाहिलं की एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसत. स्फटिक फिरवला की एक प्रतिमा जागच्या जागी राही आणि दुसरी तिच्याभोवती फिरे. १६६९ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केलं. पुढे क्रिस्तियान हॉयगन्स यांनी १६९० च्या आपल्या प्रकाशावरच्या ग्रंथात या दोन किरणांचं गणित मांडलं. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. एका स्फटिकातून बाहेर पडलेला किरण दुसऱ्या स्फटिकात शिरताना साध्या प्रकाशासारखा वागत नाही. असं का होतं, हे आपल्याला उलगडलेलं नाही, अशी प्रांजळ कबुली त्यांनी दिली.

ते कोडं पुढची शंभराहून अधिक वर्षं तसंच राहिलं.

१८०८ मध्ये पॅरिसला एत्येन-लुई मालुस आपल्या घरातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याकडे पाहत होते. सूर्य मावळतीला होता आणि राजवाड्याच्या खिडक्यांच्या काचांवर त्याचं प्रतिबिंब झळकत होतं. मालुस यांच्या हातात कॅल्साइटचा तुकडा होता. तो डोळ्यांसमोर धरून फिरवताना त्या प्रतिबिंबाच्या दोन प्रतिमा आळीपाळीने मंद आणि तेजस्वी होताना त्यांना दिसल्या. स्फटिकातून गेलेल्या प्रकाशाचा जो गुण हॉयगन्स यांना चक्रावून गेला होता, तो साध्या खिडकीच्या काचेवरून परतलेल्या प्रकाशातही होता! मालुस हे नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेवर गेलेले लष्करी इंजिनिअर. त्या मोहिमेत त्यांची प्रकृती ढासळली आणि १८१२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांचं निधन झालं. आयफेल टॉवरवर कोरलेल्या बहात्तर नावांत त्यांचंही नाव आहे. प्रकाशाच्या या गुणाला आज आपण ध्रुवीकरण म्हणतो.

मालुस यांच्यानंतर शोधांची रांगच लागली. त्यांचेच समकालीन फ्रांस्वा आरागो यांनी निळ्या आकाशाचा प्रकाशही ध्रुवित असल्याचं दाखवलं. सूर्यापासून ९० अंशांवर हे ध्रुवीकरण सर्वाधिक असतं आणि सूर्याच्या जवळ किंवा त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला ते जवळजवळ नसतं. १८१५ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी परावर्तनाचा नियम बसवला. प्रत्येक पारदर्शक पदार्थाचा एक ठरावीक कोन असतो आणि त्या कोनातून परतलेला प्रकाश पूर्णपणे ध्रुवित असतो. पृष्ठभागाला काटकोनात उभ्या असलेल्या रेषेपासून मोजला तर हा कोन पाण्यासाठी सुमारे ५३ अंश आणि साध्या काचेसाठी सुमारे ५६ अंश भरतो. प्रकाशाच्या लहरी पुढे सरकण्याच्या दिशेला आडव्या कंप पावतात, हे १८२१ च्या सुमारास ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी मांडलं आणि सगळा उलगडा झाला. साध्या प्रकाशात ही कंपनं सर्व आडव्या दिशांना होतात. ध्रुवित प्रकाशात ती एकाच दिशेला होतात. ती दिशा अडवणारा पदार्थ समोर धरला की तेवढा प्रकाश थांबतो आणि बाकीचा आत येतो.

लेन्सपुढचा पोलरायझर करतो ते एवढंच. पाण्याची, काचेची, ओल्या पानाची चकाकी ध्रुवित असते म्हणून ती अडते. पाण्याच्या आतून किंवा पानाच्या हिरवेपणातून येणारा प्रकाश ध्रुवित नसतो म्हणून तो उरतो. उघड्या धातूवरची चकाकी फारशी ध्रुवित नसल्यामुळे पितळेच्या घंटेवर किंवा स्टीलच्या भांड्यावर हा फिल्टर जवळजवळ निष्प्रभ ठरतो. उलट इंद्रधनुष्याचा प्रकाश ठळकपणे ध्रुवित असतो. त्यामुळे कडी चुकीच्या जागी फिरली तर डोळ्यांना लख्ख दिसणारं इंद्रधनुष्य फोटोतून नाहीसं होतं.

प्रकाश असा निवडून घेण्याचं हाताळायला सोपं साधन १८२८ मध्ये एडिंबरोच्या विल्यम निकॉल यांनी बनवलं. कॅल्साइटचे दोन तुकडे कॅनडा बाल्सम या डिंकासारख्या द्रव्याने चिकटवून त्यांनी एक प्रिझम केलं. या निकॉल प्रिझमने मुंबईच्या किनाऱ्याशी जोडलेला एक मोठा प्रश्न सोडवला. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' या बोटीने परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं मत होतं. रामन यांनी बोटीवरून ब्रूस्टरच्या कोनात समुद्राकडे पाहिलं आणि निकॉल प्रिझम फिरवून पाण्यावरचं आकाशाचं प्रतिबिंब पुसून टाकलं. निळा रंग गेला नाही, उलट अधिक गडद झाला. म्हणजे तो रंग पाण्याचाच होता. बोट मुंबई बंदरात असताना सप्टेंबरमध्ये त्यांनी हे टिपण लिहिलं आणि नोव्हेंबरमध्ये ते 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं. प्रकाशाच्या विकिरणावरचा त्यांचा अभ्यास पुढे २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत आणि १९३० च्या नोबेल पारितोषिकापर्यंत गेला. किनाऱ्यावर उभा राहून पोलरायझरची कडी फिरवणारा आजचा छायाचित्रकार रामन यांचाच प्रयोग पुन्हा करत असतो.

छायाचित्रकारांना मात्र हे साधन बराच काळ उपयोगी पडलं नाही. कॅल्साइटचे मोठे निर्दोष तुकडे दुर्मीळ आणि महाग होते, शिवाय प्रिझम लांबुळकं असल्याने त्यातून अरुंद दृश्यच दिसे. लेन्सचं तोंड झाकेल असा सपाट, पातळ पोलरायझर अस्तित्वातच नव्हता. आणि आकाशाची अडचण तर छायाचित्रणाच्या सुरुवातीपासूनची. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी या काळातले नामवंत छायाचित्रकार. त्या पिढीच्या हाती कलोडियनच्या ओल्या काचा होत्या आणि त्या काचांना मुख्यतः निळा आणि अतिनील प्रकाशच दिसे. त्यामुळे जमीन नीट उमटेपर्यंत आकाश पांढरंफटक होऊन जाई. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी यावर उपाय म्हणून समुद्राची एक काच आणि आकाशाची दुसरी काच जोडून चित्रं छापली.

१८७३ मध्ये हेरमान फोगेल यांनी रसायनांत रंग मिसळून काचांना हिरवा प्रकाश दिसेल अशी सोय केली. विसाव्या शतकाच्या आरंभी लाल प्रकाशही दिसणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा आल्या आणि मग पिवळे, केशरी, लाल फिल्टर खऱ्या अर्थाने कामाला लागले. लाल काच निळा प्रकाश अडवते, म्हणून कृष्णधवल चित्रात आकाश काळसर होतं. एप्रिल १९२७ मध्ये अॅन्सेल अॅडम्स यांनी योसेमिटीतल्या हाफ डोम कड्याचं चित्र आधी पिवळ्या फिल्टरमधून घेतलं. मनातलं आकाश त्यात येणार नाही असं वाटल्यावर त्यांनी उरलेली शेवटची काच गडद लाल फिल्टर लावून वापरली. काळंभोर आकाश आणि उजळ कडा असलेलं ते चित्र अमेरिकी निसर्गछायाचित्रणातला मैलाचा दगड ठरलं.

१९३५ मध्ये कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आली आणि लाल फिल्टरचा हा उपाय एका फटक्यात बाद झाला. रंगीत फिल्मवर लाल काच लावली तर सगळंच दृश्य लाल होणार. रंगांना धक्का न लावता आकाश गडद करायचं तर ध्रुवीकरणाशिवाय मार्ग नव्हता. सुदैवाने नेमक्या त्याच सुमारास पातळ पोलरायझर तयार झाला होता, आणि त्याची कथा एका कुत्र्याच्या लघवीपासून सुरू होते.

ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापाथ यांच्या विद्यार्थ्याने क्विनाइन दिलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन टाकलं, तेव्हा हिरवट चमकणारे सुईसारखे स्फटिक तयार झाले. हेरापाथ यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दोन स्फटिक एकमेकांवर आडवे पडले होते तिथे काळोख होता, समांतर होते तिथे प्रकाश आरपार जात होता. म्हणजे हा पोलरायझरच होता. १८५२ मध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला, पण स्फटिक इतके नाजूक की ते मोठे वाढवणं कुणालाच जमेना. ब्रूस्टर यांनी आपल्या कॅलिडोस्कोपवरच्या पुस्तकात या स्फटिकांची नोंद केली. सुमारे सत्तर वर्षांनी ते पुस्तक हार्वर्डचा अभ्यासक्रम अर्धवट सोडलेल्या एडविन लँड या तरुणाच्या वाचनात आलं.

लँड यांनी प्रश्नच उलटा केला. एक मोठा स्फटिक वाढवण्याऐवजी असंख्य बारीक स्फटिक एका पारदर्शक द्रव्यात मिसळायचे आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला करायची. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात वाचन आणि रात्री कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गुपचूप शिरून प्रयोग, असं करत त्यांनी हे साधलं. १९२९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. खरं तर त्यांचं लक्ष मोटारींच्या दिव्यांवर होतं. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशाने चालकाचे डोळे दिपू नयेत म्हणून सगळ्या गाड्यांना ध्रुवित दिवे लावावेत, हे त्यांचं स्वप्न होतं. मोटार कंपन्यांनी ते कधीच स्वीकारलं नाही. पहिली मोठी मागणी आली ती कोडॅककडून. १९३४ मध्ये कॅमेऱ्याच्या फिल्टरसाठी करार झाला, त्यापाठोपाठ उन्हाचे चष्मे आले आणि १९३७ मध्ये पोलरॉइड कंपनी उभी राहिली. १९३८ मध्ये लँड यांनी स्फटिकांनाही रजा दिली. पॉलिव्हायनिल अल्कोहोलचा पापुद्रा ताणायचा, म्हणजे त्यातले लांबलचक रेणू एका दिशेने रांगेत येतात, आणि त्याला आयोडीन पाजायचं. आज लेन्सवर चढणारा बहुतेक प्रत्येक पोलरायझर याच पद्धतीच्या पापुद्र्यावर चालतो; दोन काचांच्या मधे तो दाबून बसवलेला असतो.

त्या काळच्या नेहमीच्या लेन्सना या फिल्टरचा त्रास फारसा झाला नाही. ५० मिमी लेन्स ३५ मिमी फिल्मवर आडवं सुमारे ४० अंशांचं दृश्य घेते आणि तेवढ्या पट्ट्यात आकाश साधारण एकसारखं गडद होतं. २४ मिमी लेन्स मात्र आडवे सुमारे ७४ अंश घेते, १६ मिमी लेन्स ९७ च्या आसपास. मग आरागो यांचा नियम आडवा येतो. सूर्यापासून ९० अंशांवरचा भाग काळपट निळा होतो आणि दोन्ही कडा फिक्या राहतात. आकाशात असा उभा डाग पडला की नंतर संगणकावर बसून तो नीट काढणं महाकठीण. हा पट्टा कुठे पडणार ते आधी पाहता येतं. तर्जनी सूर्याकडे धरायची, अंगठा तिला काटकोनात ताठ ठेवायचा आणि मनगट फिरवायचं. अंगठा आकाशात जिथून जिथून जातो तो सर्वाधिक ध्रुवित पट्टा. सूर्य डोक्यावर असेल तर अंगठा क्षितिजालगत फिरतो, म्हणजे आडव्या दिशेने आकाश बरंच एकसारखं राहतं. सकाळ-संध्याकाळी हाच पट्टा उत्तर-दक्षिण उभा राहतो आणि वाइड लेन्सच्या चौकटीत हमखास सापडतो. पाण्याचंही तसंच. चकाकी ब्रूस्टरच्या कोनाजवळ पुरती जाते, इतर कोनांत अर्धवट. वाइड चौकटीत हे सगळे कोन एकत्र येतात आणि तळ्याचा एक भाग तळापर्यंत स्वच्छ दिसतो, तर दुसरा पांढुरका राहतो.

दुसरी अडचण फिल्टरच्या कडीची. दोन कड्यांचा पोलरायझर जाड असतो आणि वाइड लेन्सच्या चौकटीच्या कोपऱ्यांत त्याची सावली येते. म्हणून पातळ कडीचे फिल्टर निघाले. त्यांतल्या काहींना पुढच्या बाजूला आटे नसतात, त्यामुळे लेन्सचं नेहमीचं झाकण त्यांवर बसत नाही; घेताना हे तपासावं. काही लेन्सवर तर फिल्टर चढतच नाही. निकॉनच्या २००७ च्या १४-२४ मिमी एफ/२.८ लेन्सची पुढची काच इतकी फुगीर होती की तिला आटेच दिलेले नव्हते. २०२० मध्ये मिररलेस कॅमेऱ्यासाठी याच आवाक्याची लेन्स आली तेव्हा हूडवर ११२ मिमीचा फिल्टर बसवण्याची सोय झाली.

तिसरा बदल कॅमेऱ्यानेच घडवला. १९७१ च्या कॅनन एफ-१ मध्ये प्रकाशमापनासाठी अर्धपारदर्शक आरसा होता. १९८५ च्या मिनोल्टा ७००० पासून ऑटोफोकसही अशाच आरशामागून चालू लागलं. असा आरसा ध्रुवित प्रकाशाला सरळ वागू देत नाही आणि मापन चुकतं. उपाय म्हणून पोलरायझरच्या मागे पाव-तरंग पापुद्रा जोडण्यात आला. तो त्या प्रकाशाचं ध्रुवीकरण वर्तुळाकार करतो. बाजारात आज 'सीपीएल' नावाने मिळतो तो हाच सर्क्युलर पोलरायझर. तो खरा आहे का, हे आरशासमोर कळतं. कॅमेऱ्याकडची, म्हणजे आट्यांची बाजू आरशाकडे करून फिल्टर एका डोळ्यापुढे धरायचा. आरशातल्या फिल्टरची काच काळी दिसली आणि उलटा धरल्यावर पारदर्शक दिसली, तर आतला पापुद्रा जागेवर आहे. मिररलेस कॅमेऱ्यात तो आरसाच नाही, त्यामुळे जुना साधा लिनिअर पोलरायझरही तिथे सहसा बिनधोक चालतो. घरातल्या कपाटात पडलेला एखादा जुना फिल्टर म्हणूनच टाकून देऊ नये.

संरक्षक काचेची गोष्ट थोडक्यात सांगता येते. फिल्मला डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाशही दिसे. उंच डोंगरावर किंवा समुद्रकिनारी त्याचा परिणाम म्हणून दूरचं दृश्य निळसर आणि धूसर येई. तो अडवण्यासाठी यूव्ही फिल्टर आणि निळी झाक मारण्यासाठी किंचित गुलाबी स्कायलाइट फिल्टर वापरात आले. पुढे लेन्समधल्या काचा आणि त्यांवरचे लेप बहुतेक अतिनील प्रकाश स्वतःच अडवू लागले. डिजिटल सेन्सरपुढे तर तो गाळणारा थर असतोच. मूळ काम संपलं, तरी ती काच लेन्सवर राहिली. आता तिची ओळख 'संरक्षक' अशी झाली.

पण प्रत्येक जादा काचेची किंमत मोजावी लागते. लेप नसलेल्या काचेची प्रत्येक बाजू सुमारे ४ टक्के प्रकाश परतवते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून सुमारे ८ टक्के. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन घटवणारा लेप शोधला आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने तो गुपित म्हणून जपला. १९७१ मध्ये पेंटॅक्सने अनेक थरांचा लेप बाजारात आणला आणि चांगल्या काचेचं परावर्तन अगदी नगण्य झालं. स्वस्त संरक्षक काचेवर नेमका हाच लेप नसतो. रात्री मरीन ड्राइव्हवर वाइड लेन्स लावून उभं राहिलं की याचा हिशेब समोर येतो. दिव्यांचा प्रकाश सेन्सरवरून परततो, सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो आणि काळ्या पाण्यावर दिव्यांची उलटी भुतं उमटतात. अशा वेळी संरक्षक काच काढून ठेवणं हाच उपाय.

कोकण किनारा मात्र तिची खरी जागा. हरिहरेश्वरच्या खडकांवर लाट फुटली की खाऱ्या तुषारांचा थर लेन्सवर बसतो. तो सुकल्यावर कोरड्या फडक्याने पुसला तर मिठाचे कण लेप ओरबाडतात. फिल्टर मात्र काढून गोड्या पाण्याखाली धुता येतो. काही लेन्सना तर पावसापासून पूर्ण संरक्षणासाठी पुढे फिल्टर लावावाच लागतो. कॅननने आपल्या १७-४० मिमी लेन्सबाबत तशी सूचना दिलेली आहे. लेन्स खडकावर आपटण्याचं भय असेल तर काचेपेक्षा हूड भरवशाचा, कारण पातळ फिल्टर फुटला की त्याच्याच कपच्या लेन्सला ओरखडतात.

महाराष्ट्रातल्या छायाचित्रकाराला वाइड लेन्स आणि पोलरायझर यांची जोडी सर्वांत उत्तम जमते ती पावसाळ्यात. आभाळ भरून आलेलं असतं आणि ढगांचा प्रकाश फारसा ध्रुवित नसतो, म्हणून आकाशात डाग पडण्याचा प्रश्नच येत नाही. त्याच वेळी कारवीच्या ओल्या पानांवर, शेवाळलेल्या कातळावर, भाताच्या खाचरांवर पांढुरकी चकाकी पसरलेली असते. कडी हळूहळू फिरवली की एका टप्प्यावर पानांवरची रुपेरी साय विरते आणि खालचा हिरवा रंग वर येतो. फिल्टर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणून शटर मंद होतं. तिवई बरोबर असेल तर धबधब्याच्या फोटोसाठी ते फायद्याचंच. ही चकाकी नंतर संगणकावर काढता येत नाही, कारण चकाकीखालचा रंग फोटोत नोंदलेलाच नसतो.

म्हणून वाइड लेन्ससाठी एकाच काचेवर पैसे घालायचे असतील तर ते पोलरायझरवर घालावेत. तो पातळ कडीचा, दोन्ही बाजूंनी लेप असलेला घ्यावा. घरातल्या लेन्सपैकी सर्वांत मोठ्या तोंडाच्या, ७७ किंवा ८२ मिमीच्या लेन्सच्या मापाने घेतला तर बाकीच्या लेन्सवर तोच साध्या स्टेप-अप रिंगने बसतो. तो लावताना खालची संरक्षक काच आधी काढावी, एकावर एक दोन फिल्टर चढवू नयेत. निरभ्र आकाश चौकटीत मोठं असेल तेव्हा कडी पूर्ण न फिरवता अर्ध्यावर थांबावं किंवा फिल्टर सरळ उतरवून ठेवावा. संरक्षक काच मीठ, वाळू आणि पावसाच्या दिवशी लावावी. बाकीच्या दिवशी लेन्सपुढे हूड पुरेसा आहे.